हे तांदूळ खायचे का?

गेल्या वर्षी कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी माणगावहून धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, खालच्या खाचरातल्या लोंब्यांवर पिवळे गोंडे आलेत. हात लावला की बोटं पिवळी होतात. हे तांदूळ खायचे का?" मी आयुष्यभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले असल्यामुळे पानाफळांवरच्या प्रत्येक डागाचा निवाडा आमच्या घरात माझ्याकडे येतो, आणि निवाडा पटकन देऊन मोकळे होण्याची वाईट खोड मला लागली आहे. "ती काजळी, भावजी. चांगल्या पिकाच्या वर्षीच येते, काही ठिकाणी तिला लक्ष्मीचं लक्षण मानतात. उफणताना निघून जाईल," असे मी सांगून टाकले. फोन ठेवता ठेवता ते आणखी एक गोष्ट बोलले होते. वरचे खाचर कापून झाले होते, पण परतीच्या पावसाने गाठल्यामुळे भारे ओलेच उडवीत, म्हणजे ढिगात, रचावे लागले होते. त्याकडे मी लक्षच दिले नाही. पुढे जे लिहिणार आहे ते त्या दुर्लक्षातून सुचलेले आहे.

चार दिवसांनी मी गावी गेले तेव्हा आधी खालच्या खाचरात उतरले. काजळीचा गोळा जवळून पाहिला तर तो देखणा असतो, हे कबूल केले पाहिजे. लोंबीतल्या एखाद्या दाण्याच्या जागी वाटाण्याएवढा मखमली गोळा बसलेला असतो. कोवळा असताना त्यावर पांढुरकी पातळ साल असते, ती फाटली की तो नारिंगी-पिवळा दिसतो, मग शेवाळी हिरवा होतो आणि शेवटी काळपट. ब्लेडने मधोमध कापला तर आत पांढरा टणक गाभा आणि बाहेर याच रंगांचे थर एकावर एक चढलेले दिसतात. बोटांना लागते ती भुकटी म्हणजे बीजाणू. शंभर-दीडशे दाण्यांच्या लोंबीत असे तीन-चार गोळे होते आणि बाकीचे दाणे वरून तरी अगदी निरोगी होते.

कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत या रोगाला आभासमय काजळी म्हणतात. ‘आभासमय’ म्हणण्याचे कारण असे की ही खऱ्या काजळीच्या किंवा काणीच्या कुळातली बुरशी नव्हे. उस्टिलॅजिनॉइडिया व्हायरेन्स नावाची ही बुरशी बाजरीवरच्या अरगट रोगाच्या बुरशीची नातेवाईक आहे. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८७८ साली कुक या इंग्रज बुरशीतज्ज्ञाने केले, तेही तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या नमुन्यावरून. लोंबी पोटरीत असतानाच ही बुरशी फुलात शिरते, पुंकेसरांच्या तंतूंवाटे आत पोहोचते, फलधारणा रोखते आणि दाणा भरण्यासाठी झाडाने पाठवलेले अन्न स्वतःकडे वळवून घेते. म्हणूनच गोळे दिसू लागल्यावर औषध फवारणे म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालण्यासारखे आहे. फवारायचे असेल तर ते लोंबी बाहेर पडण्याच्या आधी. काही ठिकाणी या काजळीला लक्ष्मी रोग म्हणतात, त्या नावामागचा तर्कही सरळ आहे. नत्र भरपूर मिळालेले, पाणी मुबलक मिळालेले, फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ हवा लाभलेले शेत जसे पिकाला मानवते तसेच या बुरशीलाही मानवते. लक्ष्मी आणि काजळी एकाच वाटेने येतात, इतकाच त्याचा अर्थ. एकीने दुसरीला आणले असे नव्हे.

माझे उत्तर अर्धवट होते ते इथेच. या गोळ्यांत उस्टिलॉक्सिन नावाची विषे असतात, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन्ही बाजूंना ओढून नेणारे जे सूक्ष्म दोर असतात, ते ट्युब्युलिन या प्रथिनापासून विणले जातात. उस्टिलॉक्सिन हे विणकामच थांबवते. पावसाळ्यात कोकणातल्या कुंपणांवर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातले कोल्चिसीनही याच प्रथिनावर घाव घालते, फक्त वेगळ्या जागी. आणि कळलावीच्या कंदाला आमच्याकडे कोणी सहज हात लावत नाही. उंदरांना उस्टिलॉक्सिन दिल्यावर त्यांच्या यकृतावर आणि मूत्रपिंडावर परिणाम झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. मळणीत गोळे फुटतात, भुकटी निरोगी दाण्यांच्या तुसावर बसते, काही पेंढ्यात राहते. तूस काढून, तांदूळ कांडून, दोन-तीन पाण्यांत धुऊन शिजवणाऱ्या माणसापर्यंत त्यातले फार थोडे पोहोचते, आणि उस्टिलॉक्सिन पाण्यात विरघळणारे असल्यामुळे धुण्याचा उपयोगही होतो. पण गोठ्यातली म्हैस तांदूळ धुऊन खात नाही. ती पेंढा आणि कोंडा आहे तसा खाते. तेव्हा भावजींच्या प्रश्नाचे नीट उत्तर असे होते की गोळे आलेल्या लोंब्या मळणीआधी खुडून काढाव्यात, त्या जाळाव्यात, त्या खाचराचे बियाणे ठेवू नये आणि पेंढा जनावरांना घालण्यापूर्वी झाडून, निरखून घ्यावा. ‘उफणताना निघून जाईल’ हे त्या उत्तराच्या जवळपासही नव्हते.

बुरशीच्या विषांबद्दल बोलताना आपण ‘विष’ हा एकच शब्द वापरतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो. बुरशी जे रसायन बनवते ते स्वतःच्या कामासाठी बनवते, आणि तिचे काम बहुधा भाताच्या रोपाशी असते, आपल्याशी नव्हे. काही विषे रोपाच्या पेशी मारतात. त्यांना वनस्पतिविष म्हणता येईल. काही विषे खाणाऱ्या प्राण्याला बाधतात. त्यांना कवकविष म्हणण्याची पद्धत आहे. शेतात डोळ्यांना दिसणारी बहुतेक नासाडी पहिल्या प्रकारात मोडते. कवकविषाचा मोठा वाटा मात्र कापणीनंतर, नजरेआड तयार होतो.

करप्याचे उदाहरण घ्या. भात पिकवणाऱ्या कोणत्याही गावात करप्याची ओळख करून द्यावी लागत नाही. दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असे डोळ्याच्या आकाराचे ठिपके पानावर पडतात. लोंबीच्या मानेवर रोग आला तर मान काळी पडून मोडते आणि दाणे पळींज, म्हणजे पोकळ, राहतात. (कडा करपा हा याच्या नावाचा पण वेगळा रोग, तो जिवाणूंमुळे होतो, बुरशीचे औषध त्याला चालत नाही, आणि तरीही दरवर्षी कोणीतरी ते फवारतेच.) करप्याची बुरशी पानात ज्या रीतीने शिरते ती विषापेक्षा अधिक थक्क करणारी आहे. बीजाणू पानावर चिकटतो, अंकुरतो आणि टोकाला एक घुमटी तयार करतो. घुमटीच्या भिंतीला मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचे अस्तर देऊन आत ग्लिसरॉल साठवतो, त्यामुळे पाणी आत ओढले जाते आणि दाब वाढत जातो. १९९१ साली हा दाब मोजला गेला तेव्हा तो ८ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या तीस-चाळीसपट भरला. त्या जोरावर घुमटीतून निघालेली खुंटी पानाची त्वचा भोसकते. टेन्युझोनिक आम्ल, पिकोलिनिक आम्ल अशी या बुरशीची विषे त्यानंतर पेशींवर काम करू लागतात. ट्रायसायक्लाझोल हे करप्यावरचे सर्वपरिचित औषध त्या मेलॅनिनच्याच निर्मितीत अडथळा आणते. अस्तर नाही तर दाब नाही आणि दाब नाही तर प्रवेश नाही, अशी त्याची साधी युक्ती आहे. गंमत अशी की बासमतीच्या व्यापारात पुढे चिंता उरली ती या औषधाच्या अंशाची. युरोपीय संघाने तांदळातली त्याची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली आणि २०१८ पासून निर्यातदारांची धावपळ सुरू झाली. करप्याचा मार बसतो तो उत्पादनावर. कणगी रिकामी राहते, पण जे दाणे भरतात ते करप्यामुळे विषारी झालेले नसतात.

तपकिरी ठिपक्यांचा रोग याच्या उलट स्वभावाचा आहे. करपा युरियाने माजलेल्या हिरव्यागार शेतात बळावतो, तर हा हलक्या, पालाश कमी असलेल्या, उपाशी जमिनीत. बायपोलॅरिस ओरायझी ही त्याची बुरशी; तिचे जुने नाव हेल्मिंथोस्पोरियम. तिळाच्या आकाराचा तपकिरी ठिपका आणि त्याभोवती पिवळसर वलय दिसते, कारण ऑफिओबोलिन हे तिचे विष बुरशी पोहोचण्याच्या आधीच आजूबाजूच्या पेशींपर्यंत पोहोचते.

या रोगाचे नाव १९४३च्या बंगालच्या दुष्काळाशी जोडले गेले आहे. एस. वाय. पद्मनाभन यांची बंगालमध्ये कवकतज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली ती नेमकी त्या दुष्काळात, ऑक्टोबर १९४३ मध्ये. तीस वर्षांनी, १९७३ साली, त्यांनी बांकुरा आणि चिन्सुरा येथील संशोधन केंद्रांच्या नोंदींच्या आधारे असे मांडले की १९४२च्या खरिपात या रोगाने भाताच्या अनेक वाणांचे उत्पादन निम्म्याहून खाली आणले होते आणि दुष्काळाचे तेही एक मोठे कारण होते. १९४२च्या ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ झाले होते आणि नंतरही हवा ढगाळ आणि दमट राहिली होती. उलट अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवले की १९४३ साली उपलब्ध असलेले धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्केच कमी होते आणि १९४१ पेक्षा तर जास्तच होते, पण १९४१ साली दुष्काळ पडला नव्हता. वीस-तीस लाख माणसांचा जीव गेला तो महागाई, युद्धाची धोरणे आणि मजुरांची आटलेली क्रयशक्ती यांमुळे. दोन केंद्रांवरच्या नोंदींवरून सगळ्या बंगालचे पीक ठरवणे मला धाडसाचे वाटते. मात्र ज्या शेतकऱ्याच्या तुकड्यावर तो रोग पडला त्याच्यापुरते पद्मनाभन यांचे म्हणणे शब्दशः खरे असणार. कटकची मध्यवर्ती भात संशोधन संस्था १९४६ साली उभी राहिली ती या दुष्काळाच्याच आठवणीतून.

आता जरा आडवळण घेते, कारण पुढचा रोग माझ्या माहेरच्या अंगणातला आहे. फक्त तिथे त्याला कोणी रोग म्हणत नाही. माझे माहेर तासगावकडचे, द्राक्षबागायतदारांचे. लहानपणी डिपिंगच्या दिवसांत आम्ही मुले बागेत असायचो. अण्णा जीएची पांढरी पूड आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवत, कारण ती थेट पाण्यात नीट विरघळत नाही, मग मोजून पाणी घालत आणि बायका प्लास्टिकच्या मगात प्रत्येक घड बुडवून झटकत पुढे जात. बाजरीच्या दाण्याएवढे मणी पुढे फुगून लांबट होत. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, हे पुढे एमएस्सीला कळले. ते भाताच्या एका रोगातून सापडले, हे कळले तेव्हा मात्र मी दचकले होते.

जपानी शेतकरी त्या रोगाला बाकानाए म्हणत, म्हणजे ‘वेडे रोप’. पंजाब-हरियाणात बासमतीवर, विशेषतः पुसा ११२१ या वाणावर, तो बराच येतो आणि तिथे त्याला झंडा रोग म्हणतात. रोपवाटिकेत काही रोपे इतरांच्या वर हातभर उंच, बारीक, फिकट वाढतात, झेंड्यासारखी उठून दिसतात आणि पुढे मरतात. जगली तरी त्यांच्या लोंब्या पोकळ राहतात. बुंध्याशी पांढरट-गुलाबी बुरशी दिसते, आणि वरच्या पेरांनाही मुळे फुटतात. १८९८ साली शोतारो होरी यांनी हे बुरशीचे काम असल्याचे दाखवले. १९२६ साली तैवानमध्ये एइची कुरोसावा यांनी बुरशी वाढवलेले द्रव गाळून घेतले आणि बुरशीविरहित अशा त्या गाळलेल्या द्रवानेही रोपे तशीच उंच होतात हे सिद्ध केले; म्हणजे करणारी बुरशी असली तरी करवणारे एक रसायन होते. तेइजिरो याबुता ते रसायन शोधत असताना १९३४ साली त्यांच्या हाती लागले ते उलट्या गुणाचे, रोपे खुरटवणारे फ्युजॅरिक आम्ल. त्यांनी बुरशीच्या खाद्याची घडण बदलली आणि १९३५ साली हवे ते मिळाले; त्याला त्यांनी जिबरेलिन नाव दिले. रोगट वाफ्यात काही रोपे उंच आणि काही खुजी का दिसतात, त्याचे उत्तर या दोन रसायनांच्या ओढाताणीत आहे.

पुढे कळले की जिबरेलिन हे वनस्पतींचे स्वतःचेच संप्रेरक आहे, प्रत्येक रोप ते मापात बनवते, आणि बुरशी फक्त ते अतोनात ओतते. त्याहून नवल असे की १९६८ साली आलेला जया हा बुटका वाण, जो आमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर लावला, तो बुटका आहे तो त्याचे जिबरेलिन कमी बनते म्हणून. हरितक्रांतीतल्या बुटक्या भातांमागचा हा जनुक २००२ साली ओळखला गेला. म्हणजे एकाच रसायनाचा अतिरेक हा रोग ठरला आणि त्याचीच कमतरता सुधारित वाण ठरली. कर्जतच्या केंद्राने १९९८ साली दिलेल्या सह्याद्रीसारख्या संकरित भाताचे बियाणे तयार करतानाही मादी वाणाची लोंबी पानाच्या आवरणातून पूर्ण बाहेर यावी म्हणून त्यावर जीए फवारतात. बाजारातले जीए आजही त्याच बुरशीला टाक्यांमध्ये आंबवून मिळवले जाते. जिबरेलिनला विष म्हणायचे की नाही, हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारत असे. सांगलीकडची मुले एका बाजूला आणि कोकणातली दुसऱ्या बाजूला जात. अर्थात हीच बुरशी फ्युमोनिसिनसारखी खरीखुरी कवकविषेही बनवते, तेव्हा ती फार सज्जन आहे असे समजण्याचे कारण नाही.

पर्णकोष कुजव्याची बुरशी सेरुलेनिन बनवते, जे पेशींत मेदाम्ले तयार होऊ देत नाही. त्याबद्दल इतके पुरे. पण रोपांच्या मररोगातला एक प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऱ्हायझोपस या बुरशीमुळे भाताची रोपे मुळाशी फुगून मरतात, आणि त्याचे कारण ऱ्हायझॉक्सिन हे विष, असे १९८४ पासून माहीत होते. २००५ साली उघड झाले की ते विष बुरशीचे नव्हेच. तिच्या तंतूंच्या आत राहणारे जिवाणू ते बनवतात, आणि त्या जिवाणूंना काढून टाकले तर बुरशीला विषही बनवता येत नाही आणि बीजाणूही धरता येत नाहीत. हे विषही ट्युब्युलिनवरच घाव घालते.

आता त्या उडवीकडे. खालचे खाचर पाहून परतताना मी सहज उडवीत कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच काढला. आत पेज निवत ठेवल्यासारखी ऊब होती आणि आंबूस, कुबट वास येत होता. ओढून काढलेल्या भाऱ्यातले काही दाणे अंकुरले होते; काही तुसाबाहेरून ठीक दिसत होते, पण नखाने सोलले तर आतला तांदूळ पिवळट, लिंबाच्या सालीच्या रंगाचा झाला होता. भावजी म्हणाले, "वाळवला की होईल पांढरा." होत नाही. ओल्या उडवीत कोंडलेल्या उबेनेही तांदूळ पिवळा पडतो आणि बुरशीनेही पडतो. डोळ्यांनी त्यांतला फरक कळत नाही.

पिवळ्या तांदळाची कथा जपानची आहे आणि ती भयंकर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे बेरीबेरीने हजारो माणसे मरत होती. बेरीबेरीचे मुख्य कारण पॉलिश केलेल्या तांदळातला ब१ जीवनसत्त्वाचा अभाव, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्या रोगाचा एक प्रकार असा होता की धडधाकट तरुण माणूस धाप लागून, हृदय बंद पडून दोन-तीन दिवसांत जाई. १८९१ साली जुंजिरो साकाकी यांनी बुरसटलेल्या तांदळाचा अल्कोहोलमधला अर्क कुत्रे, ससे आणि गिनीपिग यांना दिला. त्यांचे अंग लुळे पडत गेले आणि ते मेले. १९१० च्या सुमारास तांदळाची तपासणी कडक झाली आणि त्या झटपट मारणाऱ्या बेरीबेरीचे मृत्यू घसरले. जीवनसत्त्वाचा शोध आहारात उतरण्याआधीच ही घसरण झाली, म्हणून केन्जी उरागुची यांच्यासारख्या संशोधकांनी पुढे बुरशीचा माग काढला. पेनिसिलियम सिट्रिओनायग्रम ही ती बुरशी आणि सिट्रिओव्हिरिडिन हे तिचे पिवळे विष, जे पेशीच्या ऊर्जाकेंद्रावर, म्हणजे मायटोकॉन्ड्रियावर, आघात करते. दुसऱ्या महायुद्धानंतर बाहेरून आणलेल्या तांदळात पुन्हा पिवळे दाणे सापडले. थायलंडहून आलेल्या तांदळात सिट्रिनिन बनवणारी बुरशी होती, जी मूत्रपिंडाला घातक. दुसऱ्या एका पेनिसिलियमचे ल्युटिओस्कायरिन यकृताला घातक. सरकार हाच तांदूळ लोकांना वाटणार म्हटल्यावर १९५४ साली जपानमध्ये मोठा गदारोळ झाला.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २००६ साली ब्राझीलच्या मारान्याव राज्यात बेरीबेरीची साथ आली. बरेच रुग्ण कष्टाची कामे करणारे तरुण पुरुष होते, आणि तिथल्या तांदळात सिट्रिओव्हिरिडिन सापडले. रुग्णांना ब१ जीवनसत्त्वानेही गुण आला, तेव्हा तिथे एकच कारण होते असे म्हणता येत नाही. निकृष्ट आहार आणि बुरसटलेला तांदूळ बहुधा एकाच घरात राहतात.

आपल्याकडे नाव जास्त ऐकू येते ते अफ्लाटॉक्सिन या कवकविषाचे. शेंगदाणा आणि मका यांच्या मानाने तांदळात ते कमी आढळते, कारण तुसाचे चिलखत दाण्याला बरेच वाचवते, पण ओले भात कोंडून ठेवले तर तेही होते. भारतात तृणधान्यांसाठी त्याची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. नेहमीच्या शिजवण्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. ‘भात तर उकळतोच की’ हा युक्तिवाद आमच्या घरात त्या संध्याकाळी तीन वेळा झाला. तांदूळ कांडून पॉलिश केल्यावर ते बरेचसे कोंड्यात जाते, म्हणजे तांदूळ सुधारतो आणि कोंडा बिघडतो. तो कोंडा गाईने खाल्ला की त्याचेच एक रूप दुधात उतरते, म्हणून दुधासाठीही किलोला ०.५ मायक्रोग्रॅमची वेगळी मर्यादा ठरवावी लागली आहे. बुरसटलेल्या पेंढ्याचा धाक तर पंजाब-हरियाणातल्या म्हैसपाळांना विचारावा. देगनाला नावाच्या रोगात म्हशींची शेपटी, कान आणि खूर सडून गळतात. हा रोग पहिल्यांदा जिथे ओळखला गेला तो देग नाल्याचा परिसर आज पाकिस्तानात आहे.

त्या संध्याकाळी आम्ही उडवी मोडली. बाहेरच्या थरातले कोरडे भारे वेगळे केले, मधले ऊब धरलेले वेगळे. पडवीत ताडपत्री अंथरून पंखे लावले, झोडलेले भात चार बोटे जाडीच्या थरात पसरले आणि दर दोन तासांनी पायाने सऱ्या ओढत फिरवले. कापणीच्या वेळी भातात वीस टक्क्यांच्या आसपास ओल असते, साठवताना ती चौदाच्या खाली हवी. आमच्याकडे ओलावा मोजायचे यंत्र नाही. सासूबाई दाणा दाढेखाली धरतात, तो दबला तर ओला आणि ‘कट्ट’ वाजून तुटला तर कणगीत घालायचा. त्यांची ही परीक्षा मी नंतर शहरातल्या एका प्रयोगशाळेत नमुना देऊन ताडून पाहिली. तो दाणा तेरा टक्क्यांना वाजत होता.

मधल्या भाऱ्यांचे दोन गोणी भात निघाले. भावजींना ते फेकवेना. गिरणीवाल्याला कमी भावाने देऊ, असे ते एकदा म्हणाले आणि स्वतःच गप्प झाले; मग कोंबड्यांना घालू म्हणाले, तर जाऊबाईंनीच नको म्हटले. दोन दिवस त्या गोणी पडवीच्या कोपऱ्यात, चुन्याची फुली मारलेल्या अशा बसून होत्या, आणि तिसऱ्या दिवशी शेणखताच्या खड्ड्यात गेल्या.

ज्येष्ठात राब पेरायच्या आधी मी मुद्दाम गेले. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतले, तरंगलेले पळींज आणि हलके दाणे काढून टाकले, तळाचे बियाणे दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवले आणि मग बुरशीनाशक चोळले. खालच्या खाचराचे बियाणे भावजींनी ठेवलेच नव्हते. यंदा कोजागरीला फोन आला तेव्हा काजळी आली की नाही ते त्यांनी आधी सांगितले नाही. पहिले वाक्य होते, "वहिनी, भारे वाळलेत."